धंतोलीतलं स्किन क्लिनिक, केसगळतीसाठी: चार स्टार, आणि पाचवा का कापला

ज्यांना फक्त पत्ता आणि फी पाहिजे असते त्यांच्यासाठी आधी तेच. नागपुरात धंतोलीत, मेहाडिया चौकापासून थोडं आत, पहिला माळा, लिफ्ट नाही. मॅडम एमडी स्किन आहेत. पहिल्यांदा सहाशे रुपये, महिन्याच्या आत परत दाखवलं त पैसे घेत नाहीत. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते वाचता वाचता कळेलच, आणि तसंही धंतोलीत एक दगड मारला त तो डॉक्टरच्याच बोर्डाला लागतो, तुम्हाला तुमचा सापडेल. मी हे लिहून राहिली ते यासाठी की केसांच्या डॉक्टरकडून नेमकं काय मिळालं पाहिजे हे मला तिथं कळलं, आणि त्याच्या आधी एका ठिकाणी काय मिळू नये तेही कळलं होतं.

झालं असं की पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. प्लेटलेट, सलाईन, शेजारच्या काकूंनी पाठवलेला पपईच्या पानाचा रस, सगळं झालं, बरी झाली, ऑफिस सुरू झालं, विसरून गेली. मग डिसेंबरात इकडे हिवाळी अधिवेशन सुरू आणि तिकडे माझे केस. उशीवर, पोळपाटाजवळ, कीबोर्डमध्ये, आणि बाथरूमच्या जाळीत त प्रत्येक वेळी डोकं धुतलं की एक गोळाच निघे. सासूबाई म्हणे बोअरच्या पाण्यानं होऊन राहिलं, आई फोनवर म्हणे तू तेल लावत नाहीस, नवरा म्हणे स्कूटीवर तो स्कार्फ किती कसून बांधते, आणि जाऊबाईंनी पुण्याहून बायोटिनच्या, म्हणजे केसांसाठी म्हणून विकतात त्या व्हिटामिनच्या, गमी कुरिअर केल्या, त्या गुलाबी अस्वलाच्या आकाराच्या. कारणं भरपूर होती, फक्त डेंग्यूचं नाव कोणीच घेत नव्हतं. तो त केव्हाच बरा झाला होता ना.

पहिल्यांदा गेली ती एका चकचकीत हेअर सेंटरात. नाव घेत नाही, पण असे सेंटर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेच असतील, पांढरा सोफा, ग्रीन टी, भिंतीवर आधी आणि नंतरचे फोटो ज्यात आधीच्या फोटोत लाईट डोक्यावर मारलेला असतो आणि नंतरच्यात केस नीट विंचरून पावडर लावल्यासारखे. पांढरा कोट घातलेली एक मुलगी आली, मी तिला दहा मिनिटं डॉक्टरच समजत होती, मग कळलं ती काउन्सेलर आहे. तिनं एक कॅमेरा डोक्याला लावला आणि समोरच्या स्क्रीनवर माझी टाळू एवढी मोठी करून दाखवली की बाप्पा, कोणालाही भीती वाटेल, एवढं मोठं करून हाताचा तळवा दाखवला तरी भीतीच वाटेल. म्हणे तुमची स्टेज टू सुरू आहे, रूट्स झोपून राहिलेत, आता नाही केलं त सहा महिन्यांनी काहीच करता येणार नाही. पॅकेज अठ्ठेचाळीस हजाराचं, पीआरपीच्या सिटिंग, लेझरची टोपी, सिरम, शॅम्पू, गोळ्या, आणि आजच्या आज भरलं त बेचाळीस. ईएमआयचा फॉर्म त तिनं पेनसकट पुढं केला होता. एवढ्या सगळ्यात मला गेल्या वर्षभरात काही आजार झाला का, पाळी कशी आहे, कोणत्या गोळ्या सुरू आहेत, घरात कोणाचे केस पातळ आहेत का, यातला एकही प्रश्न कोणी विचारला नाही. डॉक्टर कुठं आहेत विचारलं त म्हणे सर पॅकेज घेतल्यावर भेटतात. मी कोटेशनचा कागद घेतला, ग्रीन टी संपवला आणि निघाली.

मग धंतोली. नंबर सकाळी फोनवर लागतो, आणि फोन उचलणारे जे मामा आहेत ते एकच वाक्य बोलतात, केसांसाठी असेल त एक दिवस आधीपासून डोकं धुऊ नका, तेल लावू नका, जुने रिपोर्ट आणा, आणि ठेवून देतात. मला उद्धट वाटलं होतं, नंतर कळलं की त्याला कारण आहे. त्या दिवशी यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघणार होता त गाडी काढायचा प्रश्नच नव्हता, मनीषनगरातून निघून जयप्रकाश नगरला मेट्रो पकडली आणि काँग्रेस नगरला उतरून चालत गेली. हे सगळ्यांना सांगते, धंतोलीत गाडी घेऊन जाऊच नका, अधिवेशन असो नसो.

मॅडमचा पहिलाच प्रश्न मला अजून पाठ आहे. मी सुरू केलं की मॅडम दोन आठवड्यांपासून केस खूप जाऊन राहिले, त त्या म्हणाल्या, "कधीपासून जातात ते नंतर सांगा, त्याच्या दोन-तीन महिने आधी काय झालं होतं ते सांगा." मी म्हटलं काही नाही. त्या म्हणाल्या आठवा. ताप? ऑपरेशन? बाळंतपण? घरात काही झालं? डाएट केलं, वजन झपकन उतरवलं? नवीन गोळी सुरू झाली किंवा गर्भनिरोधक गोळी बंद केली? तेव्हा मला डेंग्यू आठवला. त्यांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि मग पुढचे प्रश्न, पाळीत रक्त जास्त जाते का, चहा किती वेळा, मांसाहार करता का, थंडी जास्त वाजते का, चेहऱ्यावर केस वाढले का, आईची भांगाची रेष रुंद आहे का, डोक्याला खाज, आग, दुखणं. एका माणसाला पंधरा-वीस मिनिटं. बाहेर लोक ताटकळतात ते यामुळेच, पण आत गेल्यावर ते वसूल होते.

तपासणी म्हणजे त्यांनी पन्नास-साठ केसांची बट दोन बोटांत धरली आणि हलकेच ओढली, चार-पाच जागी. दर बटेत सात-आठ केस हातात आले. हे असं मोजायचं असते म्हणून डोकं धुऊन येऊ नका सांगतात, नुकतं धुतलं की सुटायचे ते आधीच सुटलेले असतात आणि काही हाती येत नाही. मग छोटं भिंगासारखं यंत्र, डर्मोस्कोप, ते भांगेवर, कपाळाच्या कडेला, मागे. स्क्रीन नाही, काही नाही, त्या स्वतः पाहतात आणि मग सांगतात. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा दाणा दिसतो ना, आई त्याला पाहून म्हणे की मूळच निघून आलं, त मॅडम म्हणाल्या ते मूळ नाही, विश्रांतीला गेलेल्या केसाचं टोक असंच असते, मूळ चामडीत आहे आणि शाबूत आहे. नुसतं हे ऐकून माझी अर्धी झोप परत आली.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. डोक्यावर साधारण एक लाख केस, त्यातले ऐंशी-नव्वद टक्के वाढत असतात आणि दहाएक टक्के विश्रांतीला असतात, हे विश्रांतीवाले दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून रोजचे पन्नास ते शंभर केस जाणं हे कोणाचंही जाते, आणि आठवड्यातून दोनदा धुणाऱ्या बाईला ते धुण्याच्या दिवशी एकदम दिसतात म्हणून घाबरायला होते. आता डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, डिलिव्हरी असा धक्का बसला की शरीर आधी घरखर्च पाहते, केस म्हणजे चैनीचा खर्च, तो पहिला कापला जातो. मग एकदम पुष्कळ केस विश्रांतीला जातात, आणि गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा तुम्ही आजार विसरून गेलेले असता. त्यामुळे दोष जातो त्या आठवड्यात बदललेल्या शॅम्पूला. याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात, आणि याचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे थांबणं, साधारण सहा महिन्यांत गळणं कमी होते आणि केस परत येतात. टक्कल यानं पडत नाही. सहा महिन्यांच्या वर चाललं त मात्र परत शोधायचं, कारण मग शरीरात काहीतरी अजून सुरू असते.

रक्ताच्या तपासण्या त्यांनी मोजक्याच लिहिल्या. सीबीसी, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि व्हिटामिन बी-बारा व डी. मी म्हटलं हिमोग्लोबिन त डेंग्यूतच पन्नासदा केलं, चांगलं आहे, त त्या म्हणाल्या हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातले पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतले, बँक रिकामी झाली तरी पाकीट काही दिवस भरलेलंच दिसते. आणि खरंच, हिमोग्लोबिन बारा आणि फेरिटिन नुसतं चौदा, म्हणजे बँक रिकामीच. पाळीत रक्त जास्त जाते हे मी आपलं नशीब म्हणून धरून चालली होती, त्याचा केसांशी संबंध कोणी जोडला नव्हता.

आणि त्या गुलाबी अस्वलांचं. मी सांगितलं की गमी सुरू आहेत, त्यांनी लगेच थांबवलं, म्हणाल्या टीएसएच करायच्या आधी काही दिवस बंद ठेवा, बायोटिनचा मोठा डोस असला की थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकते. एवढंच नाही, हार्ट अटॅकच्या वेळी जी ट्रोपोनिनची टेस्ट करतात तीही चुकू शकते, अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये यावर सूचनाच काढली होती. आणि ज्याला बायोटिनची कमतरता नाही, जी फार कमी लोकांना असते, त्याला त्या गमीनं केस येत नाहीत. जाऊबाईंना हे मी अजून सांगितलं नाही, तुम्ही पण सांगू नका.

शेवटी औषध काय दिलं? लोहाची गोळी. बस. सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत किंवा संत्र्यासोबत, चहा आणि गोळीत दोन तासांचं अंतर, कॅल्शियमची गोळी असेल त ती वेगळ्या वेळी. आपल्याकडे संत्र्याची कमी नाही, ते जमलं. चहाचं अंतर मात्र आमच्या घरात अवघड, कारण सकाळचा चहा झाला की दुसरा चहा चढलेलाच असतो. एक तक्रार इथं लिहितेच, या गोळीनं पोट घट्ट होते आणि संडास काळी होते हे त्यांनी आधी सांगायला पाहिजे होतं, मी एक रात्र इंटरनेटवर भलतंसलतं वाचण्यात काढली. दुसऱ्या भेटीत सांगितलं त म्हणाल्या अरे हो, ते त होतेच. मॅडम, तुमच्यासाठी होतेच, आमच्यासाठी नाही.

पीआरपी त्या करतात, बाहेर बोर्डावर लिहिलेलं आहे. मी मुद्दाम विचारलं, मला पण करायचं का, पैशाचं पाहू. त्या म्हणाल्या तुम्हाला गरज नाही. पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटवाला भाग डोक्यात टोचायचा, वंशाने केस पातळ होणाऱ्यांत काहींना फायदा होतो, काहींना नाही, पण तापानंतरच्या गळतीला ते करणं म्हणजे जे आपोआप येणार आहे त्याचं श्रेय सुईला देणं. हेअर सेंटरवाले हेच श्रेय बेचाळीस हजाराला विकत होते. माझ्या चार स्टारातले दोन त या एका उत्तराचे आहेत, ज्या डॉक्टरला स्वतःच्या दुकानातली महाग वस्तू नको म्हणता येते तिच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो.

तेलाचंही विचारलं, आईसाठी. म्हणाल्या लावा, खोबरेल लावा, केसाचा दांडा तुटत नाही, मऊ राहतो, पण तेल मुळाला जाऊन गळणं थांबवत नाही, आणि कोंडा असेल त डोक्यावर तेल थापून ठेवू नका, तो वाढतो. बोअरच्या पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, मुळापासून जात नाहीत. स्कार्फचंही तेच, त्यानं काही होत नाही, पण पोनी रोज कसून ओढून बांधणाऱ्या मुलींच्या कानाजवळचे आणि कपाळाच्या कडेचे केस खरंच जातात, आणि वर्षानुवर्षं ओढले त परत येत नाहीत. म्हणजे आई, सासूबाई आणि नवरा, तिघंही आउट.

आता पाचवा स्टार. क्लिनिकचं दार लागत नाही. म्हणजे लागते, पण बिजागरीचा काहीतरी प्रॉब्लेम आहे, बोटभर फट राहतेच, आणि वेटिंगच्या खुर्च्या त्या फटीला लागून. आत काय चाललं ते सगळं बाहेर ऐकू येते. मॅडमचा आवाजही खणखणीत. मी माझ्या पाळीबद्दल आत जे बोलली ते बाहेर बसलेल्या सगळ्या मामालोकांनी ऐकलं असणार हे बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं. हे चालणार नाही. आणि याच कारणानं मी क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण खालच्या गोष्टी मी त्या फटीतूनच ऐकल्या आहेत आणि कोणी ओळखू येऊ नये.

पण ऐकल्या त ऐकल्या, त्यातून मला एक कळलं की केस जाणं हा एक आजार नाहीच, दरवेळी वेगळंच काहीतरी असते. एक सात-आठ वर्षांचं पोट्टं होतं, डोक्यावर एका जागी खपल्या, तिथले केस मुळाशीच तुटलेले, मागून पू येऊन राहिला होता. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब महिनाभर लावली होती. मॅडम चिडल्या, आईवर नाही, ट्यूबवर, त्यात स्टिरॉइड होतं. डोक्यातल्या बुरशीला ट्यूब चालतच नाही, पोटातून गोळी द्यावी लागते, तीही काही आठवडे, आणि घरातल्या बाकी पोरांची डोकी पाहा, कंगवा टॉवेल वेगळा करा. लहान पोराच्या डोक्यात खपली आणि केस तुटलेले दिसले की वाट पाहायची नाही, पू झाला आणि तसाच राहिला त तिथं कायमचा डाग राहू शकतो.

एक कॉलेजची पोरगी, रुपयाएवढा गोल चट्टा, गुळगुळीत, ना खाज ना काही. चाई. घरच्यांनी कांदा घासला, लसूण घासला, आजीनं काय काय घासलं, चामडी भाजून लाल. यात शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा केसाच्या मुळावर चाल करून येते. छोटा चट्टा कधी कधी आपोआप भरतो, नाही त चट्ट्यात स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, आणि पूर्ण डोक्याचे, भुवयांचे जायला लागले त आता त्यालाही गोळ्या आल्या आहेत, बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या माणसांच्या जास्त पसरलेल्या चाईसाठी मंजुरी मिळाली, महाग आहेत आणि तपासण्या करत करतच घ्याव्या लागतात.

पण मला सगळ्यात जास्त लक्षात राहिल्या त्या एक काकू, साठीच्या असतील. त्यांना काही विशेष वाटत नव्हतं, कपाळ थोडं मोठं झालं एवढंच, भुवया पातळ, आणि कधी कधी कडेला चुरचुरते. त्या मुळात पायाच्या भेगा दाखवायला आल्या होत्या. मॅडमनी भिंग लावून पाहिलं आणि आवाजच बदलला, म्हणाल्या उद्याच्या उद्या बायोप्सी करू. कारण काही प्रकारात केसाचं छिद्रच बंद होऊन जाते, तिथं डाग तयार होतो, आणि तिथले केस मग कोणत्याच औषधानं परत येत नाहीत, जे उरले ते फक्त वाचवता येतात. म्हणजे माझ्यासारखी, जी रोज गोळा पाहून रडत होती, तिला काहीच झालं नव्हतं, आणि काकू, ज्यांना केसांचं टेन्शनच नव्हतं, त्यांना एक दिवसाचीही घाई होती. किती केस गळतात यावरून आजार किती मोठा हे ठरत नाही. आग, दुखणं, लाली, पू, छिद्रं नसलेली चकाकणारी चामडी, हे दिसलं की त्याच आठवड्यात दाखवा, सणवार होऊ द्या म्हणू नका.

वेटिंगमध्ये शेगावचा विषय निघतोच निघतो. माझं सासर खामगावकडचं, २०२५ च्या जानेवारीत तिकडून रोज फोन, की शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊन राहिले, बाया, पोरं, म्हातारे, सगळ्यांचे. आधी पाण्यावर संशय, मग शॅम्पूवर, मग बुरशीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर त टक्कल व्हायरसच निघाला होता. आयसीएमआरची टीम येऊन नमुने घेऊन गेली, आणि विंचूदंशावर काम केलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासून सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम खूप जास्त आहे. सेलेनियम हे खनिज शरीराला चिमूटभराहूनही कमी लागते, जास्त झालं की केस आणि नखं दोन्ही जातात. मॅडमनी यावर एवढंच म्हटलं की एका माणसाचे गेले त त्याच्या घरात शोधा, गावाचे गेले त ताटात आणि पाण्यात शोधा, आणि मल्टिव्हिटामिन मनानं दोन-दोन घेऊ नका, ज्यात सेलेनियम आणि व्हिटामिन ए असते, ते जास्त झालं तरी केस जातात.

माझ्या केसांचं बरं चाललेलं पाहून लहान भावालाही घेऊन गेली. वय चोवीस, आयटीत मिहानला, कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेले आणि मागे भोवऱ्याजवळ विरळ. तो दिवसा टोपी घालून राहतो आणि रात्री ट्रान्सप्लांटचे व्हिडिओ पाहतो. त्याचं निदान भिंगातून दोन मिनिटांत झालं, जाड केसांच्या मधे मधे बारीक बारीक लव झालेले केस, वंशाचं. पुरुष हार्मोनपासून बनणारं डीएचटी मुळावर काम करते आणि प्रत्येक फेरीत केस थोडा बारीक येतो. आणि हे आईच्या घराकडूनही येते, वडिलांकडूनही, त्यामुळे बाबांना भरघोस केस आहेत मग मला कसं हा वाद तिथंच मिटला.

त्याला मिनॉक्सिडिल पाच टक्के, सकाळ-संध्याकाळ एक-एक मिली, कोरड्या डोक्यावर, केसाला नाही चामडीला. हे औषध मुळात ब्लडप्रेशरची गोळी होती, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून त्याचं डोक्याला लावायचं औषध झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मॅडमनी त्याला तीन गोष्टी दोनदा सांगितल्या, आणि मला वाटते निम्मे लोक हे न सांगितल्यामुळेच औषध सोडतात. एक, पहिल्या काही आठवड्यांत गळणं वाढते, ते जुने केस जागा सोडतात म्हणून, तेव्हा बाटली फेकायची नाही. दुसरं, चार ते सहा महिन्यांच्या आधी आरशात काही शोधू नका. तिसरं, सुरू केलं की सुरूच ठेवायचं, बंद केलं की कमावलेलं काही महिन्यांत जाते. तिसरं ऐकून त्याचं तोंड उतरलं. फिनास्टेराइडच्या गोळीचंही बोलल्या, डीएचटी कमी करते, पण काही जणांत लैंगिक तक्रारी होतात, मूडवर परिणाम होऊ शकते, विचार करून ठरव, घाई नाही, आणि पुढंमागं लग्न झालं, बायको गरोदर असली त तिनं तुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही. हे सगळं दार लोटलेलं असताना, म्हणजे फटीतून मी ऐकलं. तो अजून माझ्याशी त्या विषयावर बोलत नाही.

ट्रान्सप्लांट मात्र सरळ नाही म्हणाल्या, आत्ता नाही. चोवीसाव्या वर्षी पुढं रेष भरून घेतली आणि मागचे जातच राहिले त तिशीत पुढं झालर आणि मधे मैदान. आणि कधी केलंच त कोण करणार ते नाव आणि डिग्री विचारून, २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनला सांगावं लागलं होतं की यूट्यूबवर पाहून हेअर ट्रान्सप्लांट शिकता येत नाही, यावरून समजा माहोल काय आहे. गॅरंटीवाल्या तेलांचंही तेच, टक्कल बरं करण्याचा किंवा नवीन केस उगवण्याचा दावा औषधाच्या नावाखाली करता येत नाही, औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये ते नावानिशी लिहिलेलं आहे, तरी मोबाईल उघडला की प्रत्येक दुसरी जाहिरात त्याचीच. सगळं फोकनाड.

अजून एक चांगली गोष्ट, त्या प्रत्येक भेटीत भांगेचा फोटो घेतात, त्याच खिडकीजवळ, आणि तुमच्याच मोबाईलवर, त्यांच्या नाही. घरी महिन्यातून एकदाच काढा म्हणतात. रोज पाहिलं की रोज टेन्शन, केस महिन्याला वाढतो जेमतेम एक सेंटीमीटर. माझं आता कपाळावर बारीक बारीक केस उभे राहून राहिले, कोणत्याच पिनेत बसत नाहीत, ऑफिसात लोक विचारतात शॉक लागला का. फेरिटिन वर आलं पण अजून पाहिजे तेवढं नाही, गोळी सुरूच आहे.

बाळंतपणानंतर आलेल्या बायकांना त्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत थांबा म्हणतात, तोपर्यंत बहुतेकांचं भरून येते, नाही आलं त या. पाळी अनियमित, हनुवटीवर केस आणि भांग रुंद असं एकत्र असेल त थांबू नका, पीसीओएस, म्हणजे बायकांचा हार्मोनचा त्रास, तो तपासतात. आणि एखादी गोळी नवीन सुरू झाल्यावर केस जायला लागले असतील त मनानं बंद करू नका, पाकीट घेऊन या, हे मामा फोनवर सांगत नाहीत म्हणून मी सांगते.

बाकी: रविवार बंद. फी रोख किंवा यूपीआय, कार्ड नाही. खाली मेडिकल आहे पण तिथूनच घ्या असा आग्रह नाही, सीताबर्डीत स्वस्त मिळाली. अकरा वाजताचा नंबर म्हणजे साडेबारा धरून चाला. आतल्या खोलीत एसी आहे, वेटिंगमध्ये कूलर, तोही भिंतीकडे तोंड करून, त एप्रिल-मे मध्ये सकाळचा पहिला नंबर मिळाला तरच जा. दाराचं मी मामांना सांगितलं, म्हणाले कारपेंटर येणार आहे. तो आला की मी पाचवा स्टार देऊन टाकीन.